बैलाचा डोळा, साठचा

"कुणाच्या बैलाचा काढलास रं डोळा? बोल. माझ्या चांद्याचाच ना?"

सोनुबाई आजी माझ्या अंगावरच आली. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले, आणि देवळापुढं निम्मं गाव जमलेलं. मी बोललो, "आजी, तुझा चांद्या साप चावून गेला, त्याला मी काय करू? डोळा कावळ्यांनी खाल्ला. कावळा पयला डोळाच खातो, तुला म्हाईत नाय?"

"कावळा काय मोबाईलवर बोलतो?"

लोक हसली. मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. मोबाईलवर मीच बोललो होतो.

झालं असं. शनिवारी दुपारी मी गुप्ते सरांना व्हॉइस नोट टाकली. ती सरांना गेलीच नाय. सरांच्या नावाखाली आमच्या गावाचा ग्रुप हाय, तिकडं गेली. पोलीस पाटलांनी ती आता परत एकदा सगळ्यांना लावून दाखवली, आवाज फुल करून. माझाच आवाज:

"सर, बैलाचा डोळा माझ्याकडं हाय, नीट बांधून ठेवलाय. वरची कड थोडी कापलीय, पण डोळा एकदम शाबूत. उद्या अकराला कर्जतला घेऊन येतो. शेळीचा नि मांजराचा तुमी नेलाच हाय ना? मी येईपर्यंत कुणाला दाखवू नका."

नोट संपली तवा कुणी हसलं नाय. मला सोत्तालाच ऐकून कसंतरी झालं.

आमच्याकडं असलं काय बी चालतं म्हणून लोकांचं डोकं तिकडंच जातं. मागल्या वर्षी वरच्या वाडीला दोन माणसं गाडी घेऊन मांडूळ विचारत आलेली, दोन तोंडाचा साप म्हणून. त्याच्या आधी एक जण वीस नखांचं कासव शोधत फिरत होता. म्हणजे बैलाचा डोळा बी कुणीतरी घेत असणार, पूजेला नायतर गुप्तधनाला. आणि चांद्या गुरवारी ओढ्याकडं मेलेला सापडलेला, डावा डोळा गायब. माझी नोट शनिवारची. गावानं हिशोब लावला, मी त्यांना काय दोष देऊ.

"पाटील, ते तिकीट हाय," मी बोललो. "पोस्टाचं तिकीट. ब्राझीलचं."

"ब्राझीलला चाललास?" कुणीतरी मागनं विचारलं. "विमानाचं की बोटीचं?"

"चिठ्ठीला लावतात ते तिकीट रं. त्याला बैलाचा डोळा बोलतात."

"कोण बोलतं?"

"ब्राझीलची लोकं."

पाटलांनी माझ्या बाबाकडं बघितलं. माझा बाबा किशोर, गवंडी हाय. आज सुट्टी म्हणून बनियनवरच आलेला. पाटील बोलले, "किशोर, पोरगा शाळा सोडून मोबाईलच्या दुकानात बसतो, ठीक हाय. पण ही कसली धंद्याची लाईन?"

बाबा माझ्याकडं न बघता बोलला, "त्याचा फोन ठेवून घ्या पाटील. चौकशी होईपर्यंत कुठं सोडू नका."

म्हणजे अकराला कर्जत गेलं. आणि कर्जतला तिकिटांच्या प्रदर्शनात माझं नाव लागलेलं होतं. तिथं मी पोचलो नाय तर सर बोलणार, पदू घाबरला, त्याला म्हाईत होतं तिकीट नकली हाय. ते मला चालणार नव्हतं. बाकी काय बी बोला.

गुप्ते सर म्हणजे मोहोपाड्याला कॉलनीत राहतात ते. रसायनीच्या कंपनीत लॅबला होते, आता रिटायर. मी नववीत शाळा सोडली. बाकावर बसलो की माझ्या पायाला मुंग्या यायच्या, आणि कोण काय बोललं की हात उठायचा. दोन वर्षं झाली, मोहोपाड्याला नीलेशदादाच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. बोर्डाचं काम माझ्याकडं. नीलेशदादा सोत्ता गिऱ्हाईकाला सांगतो, ह्या पोराचे डोळे उधार मागायला लोक येतील.

गुप्ते सर फोन घेऊन आले होते, चार्जिंग पिन गेलेली. मी मायक्रोस्कोपखाली पिन बसवत होतो नि ते बाजूला उभं राहून फोनकडं नाय, मायक्रोस्कोपकडं बघत होते. मंग बोलले, "हा किती मोठं दाखवतो?"

"पंचेचाळीस पट."

दुसऱ्या दिवशी ते एक वही घेऊन आले. पुठ्ठ्याची, काळ्या पानांची. तिच्यात तिकिटं. मला वाटलं फुलं, पक्षी, राजे असतील. तर नुसते आकडे. काळ्या शाईत तीस, साठ, नव्वद, आणि आकड्याच्या मागं आडवा गोल, केसासारख्या बारीक रेघांच्या जाळीचा. लांबनं बघितलं तर डोळाच.

सरांनी सांगितलं, ब्राझीलनं हे १८४३ ला काढलं. आपल्याकडं तवा तिकीटच नव्हतं. राजाचा फोटो टाकला नाय, कारण तिकिटावर शिक्का मारतात, राजाच्या तोंडावर शिक्का कोण मारणार. देशाचं नाव बी नाय. नुसता आकडा, किती रेईस ते, म्हणजे त्यांचे पैसे. लोकांनी बघितलं नि बोलले, हा तर बैलाचा डोळा. मंग १८५० ला बारकं काढलं, त्याला शेळीचा डोळा. त्याच्यानंतर रंगीत आलं, त्याला मांजराचा. मला हे लय आवडलं. साहेबानं काय बी छापू दे, नाव ठेवलं ते गुरं राखणाऱ्यांनी.

सरांकडं शेळीचे तीन नि मांजराचे दोन होते, खरे. बैलाचा एक पण नव्हता. वहीत होते ते फोटो. बैलाचा डोळा घ्यायचा तर त्यांची निम्मी पेन्शन गेली असती. चाळीस वर्षं त्या पानावर मधली जागा रिकामी ठेवलेली, खाली सुंदर अक्षरात नाव लिहून.

वहीच्या मागं एक पाकीट होतं. वर लाल पेनानं लिहिलेलं: नकली.

"हे काय?"

"ते सोड. एकोणनव्वद साली फोर्टात फुटपाथवर घेतले. सात बैलाचे डोळे, सातही नकली. आठवण म्हणून ठेवलेत, परत कुणी फसवू नये म्हणून."

माझ्या हातात काम नव्हतं. मी सातही एकेक करून मायक्रोस्कोपखाली धरली. वरच्या गोल लाईटमधी सगळी सारखीच दिसली. काळी रेघ, पांढरा कागद. मंग मी गोल लाईट बंद केला नि मोबाईलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, टेबलाला टेकवून आडवी धरली. बोर्डावर कथलाचा टाका फुगलाय का बघायचं असलं की मी तसंच करतो.

सहा तिकिटं सपाट. झेरॉक्ससारखी. सातव्याला रेघांची सावली पडली.

शाई कागदाच्या वर आलेली होती. बारीक बांध घातल्यासारखी, एकेक रेघ उभी. साठचा आकडा, त्याच्या मागं जाळी, आणि प्रत्येक जाळीला एका बाजूनं सावली. मी डोळा काढला, परत लावला. तसंच.

"सर, ह्यातलं एक येगळं हाय."

सर बघायला पण आले नाय. "पदू, मी पस्तीस वर्षं हे बघतोय."

मी बोललो, "पस्तीस वर्षं तुमी पाकीट बघताय. तिकीट नाय."

ते लाल झाले. वही बंद केली, पाकीट घेतलं नि निघून गेले. चार्जिंग पिनचे पैसे आदल्या दिवशीच दिलेले, नायतर ते पण बुडाले असते. नीलेशदादा बोलला, "गिऱ्हाईक घालवायची कला तुझ्याकडनं शिकावी."

तीन दिवस सर आले नाय. चौथ्या दिवशी आले, पाकीट टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं नि बोलले, "बॅटरी कशी धरलीस ते दाखव."

मी दाखवलं. ते बराच वेळ मायक्रोस्कोपमधनं उठलेच नाय. मंग चष्मा पुसत बोलले, की खरं तिकीट खोदलेल्या पत्र्यानं छापायचे, शाई खाचेत भरून, कागद दाबून. म्हणून शाई वर येते. नकली दगडावरनं छापलेली, ती सपाट. हे त्यांना पाठ होतं. पण फुटपाथवरनं आणलेली पयली तीन त्यांनी तपासली, तिन्ही नकली निघाली, आणि रागाच्या भरात साती एका पाकिटात टाकून वर लिहून टाकलं. उरलेली चार बघितलीच नाय.

"तरी मी खरं म्हणणार नाही," ते बोलले. "पुण्याच्या मॅडम कर्जतला परीक्षक म्हणून येतायत रविवारी, त्या सांगतील. मी पानावर लिहितो, शोधणारा पदू. खरं निघालं तर तुझं नाव. खोटं निघालं तर तेही तुझंच नाव. चालेल?"

"चालेल," मी बोललो.

पानावर लावायला मोठा फोटो पायजे म्हणून तिकीट शनिवारी माझ्याकडंच होतं. सर बाकीची वही घेऊन आदल्या दिवशीच कर्जतला गेले, फ्रेमा लावायला. मी फोटो काढले, तिकीट नवे बोर्ड येतात त्या चंदेरी पिशवीत घातलं नि सरांना नोट टाकली. पुढचं तुमी ऐकलंय.

आता देवळापुढं मला तीच पिशवी काढायची होती. खिशातनं काढली. उन्हात चकाकली.

"बघा," सोनुबाई आजी बोलली, "बर्फाच्या पिशवीत ठेवलाय."

मी आधी फोटो दाखवला, पाटलांच्याच हातातल्या माझ्या फोनवर. ती चूक झाली. पंचेचाळीस पट मोठा, काळाभोर, आडवा गोल. पाटलांनी फोन लांब धरला. "हा तर डोळाच हाय की रं."

"पाटील, त्याच्यावर साठ लिहिलंय. बैलाच्या डोळ्यावर साठ लिहिलेलं असतं का?"

"वजन असंल," मागनं कोण तरी बोललं.

मंग मी पिशवी उघडली नि चिमट्यानं तिकीट वर धरलं. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं. पिवळट कागद. आजी वाकली नि तिनं बोट पुढं केलं. मी ओरडलो, "हात लावू नको."

सगळे परत माझ्याकडं बघायला लागले. आजीनं बोट मागं घेतलं, पण वाकूनच राहिली. मंग हळूच बोलली, "एवढंसं? माझ्या चांद्याचा डोळा लिंबाएवढा होता."

"म्हणून तर सांगतोय, हा त्याचा नाय."

"आणि बैलाचा डोळा असा नसतो. ह्याच्यात पाणी नाय, काय नाय. कोण बोलला ह्याला बैलाचा डोळा?"

"ब्राझीलची लोकं, आजी."

"त्यांनी बैल बघितला नसंल," ती बोलली नि जाऊन पायरीवर बसली. तिच्या बाजूनं विषय संपला. डोळ्याला पदर लावला तिनं. चांद्या बारा वर्षं तिच्या दावणीला होता. मी मघाशी कावळ्याचं बोलायला नको होतं.

पाटलांचा संपला नव्हता. "हे एवढ्यासाठी तू शेळीचा नि मांजराचा बोललास? आणि हे खरं कशावरनं? ह्याला किंमत हाय बोलतोस, कागद हाय नुसता."

"खरं हाय."

"कोण बोलला?"

"मी बोललो."

आता लोक मोकळं हसली. नववी नापास पण नाय, नववी अर्धी. मला वाटलं एक दगड उचलावा. पण हातात चिमटा होता नि चिमट्यात १८४३ साल होतं.

बाबा पुढं आला. "दाखव."

"फोन पायजे, बॅटरीला."

बाबानं पाटलांच्या हातातनं माझा फोन घेतला, मघाशी त्यानंच द्यायला सांगितलेला. फोटो काढायची छोटी भिंगाची क्लिप माझ्या खिशात होती, ती मी बाबाच्या फोनला लावली. तिकीट पिशवीवर सपाट ठेवलं, देवळाच्या सावलीत. माझ्या फोनची बॅटरी पायरीला टेकवून आडवी धरली. बाबाच्या स्क्रीनवर रेघा उभ्या राहिल्या, एका बाजूला सावली घेऊन.

त्यानं माझा हात धरला, बॅटरी जरा खाली केली, मंग दुसऱ्या बाजूनं आणली. सावली पण दुसऱ्या बाजूला गेली. लहानपणी तो मला कामावर न्यायचा तवा गिलावा झाला की संध्याकाळी भिंतीला बॅटरी चिकटवून धरायला लावायचा. समोरनं बघितली तर भिंत सपाट दिसते. आडवा उजेड टाकला की कुठं फुगलीय, कुठं बसलीय, सगळं कळतं. कितीतरी मालकांना त्यानं तसं दाखवून दुसऱ्या गवंड्याचं काम तोडायला लावलंय.

"हे कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"तूच की."

बाबानं पाटलांना बोलवलं. "पाटील, वाका जरा. ही शाई हाय ना, ती कागदात नाय, कागदाच्या वर हाय. दिसतेय का सावली? आता हा बघा," असं बोलून त्यानं देवळाच्या वर्गणीची पावती खिशातनं काढून बाजूला ठेवली. "हे छापील. सावली पडती का? नाय पडत." जसं काय तो चाळीस वर्षं तिकिटंच तपासत होता.

पाटील वाकले, बघितलं, उठले. "बरं मंग, पुढं काय?"

"पुढं काय म्हणजे? पोराचं बरोबर हाय," बाबा बोलला. "डोळा बैलाचा नाय, माझ्या पोराचा हाय. बाजूला व्हा, कर्जतला जायचंय."

बनियनवर शर्ट घालायला पण तो घरी गेला नाय. कुणाचा तरी घेतला, बाईक काढली. चौक गावाच्या पुढं रस्ता खोदलाय, तिथं मी पिशवी छातीला धरून बसलो. वाटेत तो एकदाच बोलला, "खोटं निघालं तर?"

"नाय निघणार."

"मी विचारतोय, निघालं तर?"

"तर माझं नाव हाय पानावर. पुसणार नाय."

"हां," तो बोलला. जोरात मारली गाडी मंग.

साडेअकराला पोचलो. हॉलमधी फ्रेमा लावलेल्या, पंख्याखाली पाच-पन्नास माणसं, सगळी हळू बोलणारी. सरांनी माझ्याकडं बघितलं, बाबाच्या शर्टाकडं बघितलं. ढगळ होता. रिकाम्या जागेसमोर ते सकाळपासून उभे होते बहुतेक. मॅडम म्हणजे साठीच्या, केस बारीक कापलेले. त्यांनी तिकीट घेतलं, टेबललॅम्प आडवा केला. माझ्यासारखाच. मला तिथंच बरं वाटलं.

बघत राहिल्या.

"खोदकामाची छपाई आहे," त्या बोलल्या. "प्रमाणपत्रासाठी समितीकडे पाठवा. पण मी तरी याला नकली म्हणणार नाही." मंग विचारलं, "पदू कोण?"

मी हात वर केला, शाळेत कधी केला नाय तसा.

"आणखी काय दिसलं तुला?"

इथं मी गप बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सरांना मी सांगितलं नव्हतं. त्यांचं तोंड एवढं उजळलेलं होतं, चार दिवस सांगायचं जमलंच नाय. पण मॅडमनी सरळ विचारलं नि मला सरळ विचारलेलं टाळता येत नाय.

"वरचा डावा कोपरा त्याचा नाय," मी बोललो. "दुसऱ्या कागदाचा तुकडा जोडलाय, रेघा पेनानं ओढल्यात. आमच्याकडं बोर्डाला तुटल्या जागी तार लावतात, जंपर बोलतो आमी, तसं. तेवढ्या जागी सावली पडत नाय."

मॅडमनी परत लॅम्प हलवला, भिंग लावलं. त्यांना वेळ लागला. मी मोजला नाय, पण लागला.

"बरोबर," त्या बोलल्या. "गुप्ते, पानावर लिहा. कोपरा दुरुस्त केलेला."

म्हणजे किंमत उतरली. सरांनी पेन काढलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर. आधीच लिहिलेल्या 'बैलाचा डोळा'च्या पुढं: साठ रेईस, १८४३. खाली: वरचा डावा कोपरा दुरुस्त. त्याच्या खाली आधीच लिहिलेलं: शोधणारा पदू. सर थांबले, मला विचारलं, "पूर्ण नाव?" मी सांगितलं. त्यांनी पदू खोडलं नि वर पूर्ण लिहिलं, पद्माकर किशोर म्हात्रे. मंग चाळीस वर्षांच्या रिकाम्या जागी तिकीट बसवलं. दोन्ही हातांनी.

बाबा तिकडं दोन कॉलेजच्या पोरांना समजावत होता, की शाई अशी वर येते, आणि ब्राझीलचा राजा सोत्ता बैल पाळायचा. हे कुठनं आणलं त्यानं, काय म्हाईत. मी थांबवलं नाय. पोरं वहीत लिहून घेत होती.

मॅडमनी मला बाजूला बोलवलं. त्यांचं भिंग दहा पट दाखवतं. माझ्या मायक्रोस्कोपचं ऐकून त्या बोलल्या, पाकिटातली उरलेली सहा मला त्याच्याखाली बघायचीत, आणि माझीही पंधरा-वीस आणलीत, ती तू बघ. मी नीलेशदादाला फोन लावला, टेबल पुसून ठेव, पुण्यावरनं परीक्षक येतायत. तो बोलला, "कुणाचे, माझे?"

सर बोलले, मॅडम जेवतायत तोवर पानाला लावायला चार ओळी लिहून दे, तिकीट कसं सापडलं. चार ओळीत बसत नाय ते. कागद संपत आलाय, मागची बाजू पण भरली. खाली गाडीचा हॉर्न वाजला, बाबा जिन्यातनं हाक मारतोय, मॅडम गाडीत बसल्या पण. मला आता निघायला पायजे.